‘चपला घालून बस’ म्हणणं सोपं असतं

पोस्ट मोठी आहे. पण ज्यांच्या घरी, दुकानात, शाळेत किंवा अभ्यासिकेत असेंबल केलेला कम्प्युटर आहे त्यांनी शेवटपर्यंत वाचावी, ही विनंती.

आमच्या गावातल्या सार्वजनिक वाचनालयाच्या कार्यकारिणीवर मी आहे, हे तुमच्यापैकी बऱ्याच जणांना ठाऊक आहे. वाचनालयाच्या मागच्या खोलीत अभ्यासिका चालते. तिथं दोन कम्प्युटर आहेत, २०१६ साली एका दात्यानं दिलेले. पोरं-पोरी त्यावर स्पर्धा परीक्षेचे फॉर्म भरतात, हॉल तिकीट काढतात, टायपिंगचा सराव करतात. ज्यांच्या घरी कम्प्युटर नाही त्यांच्यासाठी हाच कम्प्युटर.

जून महिन्यात एका मुलीनं ग्रंथपाल ताईंना सांगितलं, "मॅडम, पेन ड्राइव्ह लावताना डब्याला हात लागला की झिणझिण्या येतात." ताईंनी मला फोन केला. आणि मी काय म्हणालो?

"तिला म्हणावं, चपला घालून बस."

आता गंमत बघा. अभ्यासिकेच्या दारावर आमच्याच कार्यकारिणीनं पाटी लावली आहे : ‘पादत्राणे बाहेर काढावीत’. आत शहाबादी फरशी, पावसाळ्यात ओल धरणारी. म्हणजे आम्हीच मुलांना अनवाणी ओल्या फरशीवर बसवतो आणि शॉक लागला की आम्हीच सांगतो, चपला घाला. हे माझ्या लक्षात यायला सप्टेंबर उजाडला. मधले तीन महिने तो कम्प्युटर रोज चालू होता. त्या तीन महिन्यांत काही झालं नाही, ही आमची हुशारी नव्हती. नशीब होतं.

सप्टेंबरमध्ये माझा मावसभाऊ घरी आला होता. तो आयटीआयमध्ये वायरमन ट्रेड शिकवतो. बोलता बोलता विषय निघाला. मी म्हणालो, "एसएमपीएस खराब झालाय बहुतेक. बदलून टाकावा म्हणतो, पण खजिनदार पैसे सोडत नाहीत." तो म्हणाला, "दादा, आधी तुमच्या प्लगला अर्थिंग आहे का ते बघितलंस का?"

नव्हतं बघितलं.

तो जे बोलला ते मला तरी नवीन होतं, म्हणून इथं सविस्तर लिहितो. कम्प्युटरचा एसएमपीएस म्हणजे कॅबिनेटच्या मागच्या कोपऱ्यातला तो पत्र्याचा डबा, ज्याला आपण भिंतीतून आलेली जाड काळी केबल लावतो. भिंतीतल्या २३० व्होल्टचे १२, ५ आणि ३.३ व्होल्ट करून देणं हे त्याचं काम. त्याच्या आत, लाइन जिथं शिरते तिथं, विजेतला गोंगाट गाळणारं एक फिल्टर असतं. त्यातले दोन छोटे कपॅसिटर लाइन आणि न्यूट्रल अशा दोन्हीकडून डब्याच्या पत्र्याला जोडलेले असतात. त्यातून अगदी बारीक करंट पत्र्यावर येतो. तो तिसऱ्या पिनेतून, म्हणजे अर्थिंगमधून, जमिनीत जावा अशी ती रचनाच आहे. अर्थिंग नसेल तर पत्र्यावर साधारण निम्मा व्होल्टेज उभा राहतो आणि हात लावला की झिणझिण्या येतात. एरवी हा करंट इतका कमी असतो की माणूस नुसता दचकतो.

"म्हणजे एसएमपीएस चांगला आहे?" मी विचारलं.

"तसं मी म्हणालो नाही," तो म्हणाला. "झिणझिण्या फिल्टरमुळे येतायत की आतलं इन्सुलेशन गेलंय, हे बाहेरून हात लावून कळत नाही. उलट एकदम फालतू एसएमपीएसमध्ये फिल्टरच नसतं. त्याला हात लावला तर काहीच जाणवणार नाही, आणि माणूस समजतो माल चांगला आहे."

हे वाक्य मी विसरलेलो नाही.

दुसऱ्या दिवशी तो अभ्यासिकेत आला. सॉकेट तपासलं. लाइन होती, न्यूट्रल होता, अर्थिंग नव्हतं. बोर्ड उघडला तर हिरवी वायर मागे दुमडून ठेवलेली, कुठंच न जोडलेली. ती जोडली तरी उपयोग नव्हता, कारण बाहेरचा अर्थिंगचा खड्डाच सापडेना. मग जुन्या शिपाई काकांनी सांगितलं : आवारात पेव्हर ब्लॉक बसवले तेव्हा तो खड्डा ब्लॉकखाली गेला. वरची पट्टी ठेकेदाराच्या माणसांनी कापून टाकली. आवार छान दिसायला लागलं, उद्घाटन झालं, फोटो छापून आले. आणि त्या दिवसापासून वाचनालयाच्या अख्ख्या इमारतीला अर्थिंग नव्हतं. कूलर, पंखे, पाण्याचा फिल्टर, सगळं तसंच चालू. कार्यकारिणीतल्या एकालाही याचा पत्ता नव्हता आणि त्यात मीही आलो.

मी तोपर्यंत एसएमपीएसच्या किमती बघत बसलो होतो. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी म्हणतात ते हेच.

खड्डा पुन्हा खणला, कोळसा-मीठ घालून नवीन पट्टी टाकली, वायर प्रत्येक बोर्डापर्यंत नेली. झिणझिण्या थांबल्या.

खरा वाद इथून सुरू झाला.

कार्यकारिणीच्या बैठकीत खजिनदार काका म्हणाले, "आता प्रश्न मिटला ना? मग एसएमपीएस कशाला बदलायचा? चालतोय की." काका कंजूष नाहीत, हे आधीच सांगतो. अनुदान दोन हप्त्यांत येतं, कधी येईल ते येईल तेव्हा कळतं, आणि तोवर लाइट बिल, वर्तमानपत्रांचं बिल आणि पगार यांची तोंडमिळवणी तेच करतात. त्यांचा दुसरा मुद्दाही बिनतोड होता : "त्या कम्प्युटरवर मुलं फॉर्म भरतात. तो शंभर वॅटसुद्धा ओढत नसेल. डब्यावर साडेचारशे लिहिलंय. निम्मं खोटं धरलं तरी पुरून उरतं."

तिसरं एक जण दबक्या आवाजात म्हणाले, "दात्याचं नाव आहे कॅबिनेटवर. दोन्ही बदलले तर त्यांना काय वाटेल?"

मी मान्य करतो की ‘चालतंय ते बदला’ असं सांगणाऱ्या माणसाकडे संशयानं बघणं चुकीचं नाही. दुकानदाराला विचारलं तर तो नवीन घ्या असंच सांगणार. इंटरनेटवर बघावं तर कुणी म्हणतं लगेच फेकून द्या, कुणी म्हणतं माझा पंधरा वर्षं चालतोय. म्हणून ‘चांगला की वाईट’ हा वाद बाजूला ठेवून मावसभावाला घेऊन बसलो आणि त्या डब्यावरचं लेबल वाचलं. फक्त लेबल. डबा उघडला नाही, तुम्हीही उघडू नका. आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये तीनशेच्या वर व्होल्ट साठलेले असतात आणि केबल काढल्यावरही ते काही वेळ राहू शकतात.

लेबलवर मोठ्या अक्षरात ४५० वॅट. खाली बारीक तक्ता. त्यात १२ व्होल्टच्या लाइनवर १४ अँपिअर. गुणाकार करा : १६८ वॅट. आजचा कम्प्युटर बहुतेक सगळी वीज याच १२ व्होल्टवरून घेतो. बाकीच्या लाइन मिळवल्या तरी बेरीज सव्वातीनशेच्या आसपास जाते. म्हणजे जे साडेचारशे छापलंय ते त्याच लेबलवरच्या तक्त्याशी जुळत नाही.

आता काका म्हणतील, मी तेच म्हणालो, निम्मं धरलं तरी पुरतं. बरोबर. पण मला वॅट कमी पडण्याची काळजी नव्हती. जो माणूस लेबलवर वॅट खोटे छापतो त्यानं आत काय खरं घातलं असेल, ही काळजी होती.

एसएमपीएसच्या आत एका बाजूला भिंतीतली वीज असते, दुसऱ्या बाजूला आपण हात लावतो ती वीज. दोन्हींच्या मध्ये जे काही आहे, म्हणजे ट्रान्सफॉर्मरमधलं इन्सुलेशन, सर्किट बोर्डवर सोडलेलं अंतर आणि ते छोटे सेफ्टी कपॅसिटर, त्यावर सगळी मदार. सेफ्टी कपॅसिटर खास असतो, तो खराब झाला तरी शॉर्ट होऊ नये असा बनवलेला. त्याच्या जागी पैसे वाचवायला साधा कपॅसिटर लावला तर कम्प्युटर तितकाच छान चालतो. वर्षानुवर्षं चालतो. फरक कळतो तो तो शॉर्ट होतो त्या दिवशी. त्या दिवशी अर्थिंग असेल तर एमसीबी पडतो. अर्थिंग नसेल तर कॅबिनेटचा पत्रा म्हणजे थेट लाइन.

दुसरी गोष्ट, चांगल्या एसएमपीएसमध्ये स्वतःला बंद करून घेण्याची सोय असते. लोड जास्त झाला, शॉर्ट झालं, व्होल्टेज भरकटलं, आत गरम झालं की तो गप बंद पडतो. स्वस्त मालात यातली कुठली सोय आहे आणि कुठली नाही, हे बाहेरून कळायला मार्ग नाही. आपल्याकडे न्यूट्रल तुटला की घरातले बल्ब आधी लखलखतात आणि मग जातात, हे कुणी बघितलं नाही? त्या दोन मिनिटांत एसएमपीएस काय करतो हा खरा प्रश्न आहे. रोज फॉर्म भरताना तो काय करतो, याला फारसा अर्थ नाही.

तिसरी गोष्ट, आमच्या डब्याच्या मागे २३० आणि ११५ असं लिहिलेलं लाल बटण होतं. जुन्या पद्धतीच्या एसएमपीएसला ते असतं. आपल्या लाइनवर ते चुकून ११५ वर सरकलं आणि कम्प्युटर चालू केला तर आतले कपॅसिटर फुटतात, मोठा आवाज होतो. अभ्यासिकेत पोरं केबल शोधायला मागे हात घालतात. त्या बटणावर साधी चिकटपट्टीसुद्धा आम्ही नऊ वर्षांत लावली नव्हती.

चौथी गोष्ट, लेबलवर बीआयएसचं चिन्ह नव्हतं, नोंदणी क्रमांक नव्हता, कुणी बनवला त्याचा पत्ता नव्हता. नुसतं एक भारदस्त इंग्रजी नाव.

एवढं सगळं मांडल्यावर मी काकांना एकच विचारलं. "काका, हा डबा कधी ना कधी बंद पडणार, हे आपल्याला दोघांनाही मान्य आहे. बंद पडताना तो एकटाच जाईल, की कम्प्युटर घेऊन जाईल, की खोली पेटवेल, हे आपल्याला माहीत नाही. कुणाला विचारावं तर बनवणाऱ्याचं नाव नाही. मग आपण तो कुणाच्या पोरांसमोर ठेवतोय?"

काका थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "माझा नातू पण येतो तिथं." ठराव झाला.

खर्च सांगतो, कारण सार्वजनिक पैसा आहे. अर्थिंगचा खड्डा, पट्टी आणि वायर ५,८०० रुपये. दोन चांगल्या प्रतीचे, पाच वर्षं वॉरंटीचे एसएमपीएस ६,४००. मेन बोर्डात आरसीसीबी २,१००. एकूण १४,३००. आमच्या वर्धापनदिनाला मांडव, फ्लेक्स आणि शाल-श्रीफळ धरून १८ हजार झाले होते. त्या खर्चावर बैठकीत पाच मिनिटंही चर्चा झाली नव्हती. मी स्वतः त्याला अनुमोदन दिलं होतं.

आरसीसीबीबद्दल दोन ओळी. बऱ्याच जणांना वाटतं एमसीबी आहे म्हणजे शॉक लागणार नाही. एमसीबी वायर वाचवतो. लोड जास्त झाला किंवा शॉर्ट झालं की तो पडतो. माणसाच्या अंगातून जाणारा जीवघेणा करंट त्याच्या मानानं इतका कमी असतो की एमसीबीला तो दिसतच नाही. आरसीसीबी गेलेला आणि परत आलेला करंट यांची तुलना करतो, आणि ३० मिलिअँपिअरच्या आसपास फरक पडला की लाइन तोडतो. त्याच्यावर टेस्टचं बटण असतं. ते अधूनमधून दाबून बघायचं. आम्ही महिन्याच्या पहिल्या सोमवारी दाबतो.

आता दुकानातला किस्सा. नवीन एसएमपीएस घ्यायला गेलो तर पहिला प्रश्न : "बिल पाहिजे का सर? मग अठरा टक्के वाढतील." मी म्हणालो, पक्कं बिल पाहिजे, त्यावर सिरीयल नंबरही लिहा. ते का, ते सांगतो.

ब्रँड घेतला म्हणजे सुटलो असं नाही. २०२१ साली गिगाबाइटसारख्या मोठ्या कंपनीच्या दोन मॉडेलबद्दल, जीपी-पी७५०जीएम आणि जीपी-पी८५०जीएम, जगभर ओरड झाली. गेमर्स नेक्सस या चॅनेलनं ते तपासले तेव्हा अनेक नग चाचणीत धडाक्यानं उडाले. हे गोल्ड प्रमाणपत्रवाले एसएमपीएस होते. त्या काळात ग्राफिक्स कार्डांचा तुटवडा होता आणि अमेरिकेत न्यूएगसारख्या विक्रेत्याकडे कार्ड हवं असेल तर सोबत असा एसएमपीएस घ्यावा लागायचा. म्हणजे ज्यांना तो नको होता त्यांच्याही घरात तो गेला. ऑगस्ट २०२१ मध्ये कंपनीनं निवेदन काढलं. जास्त लोड झाल्यावर बंद पडण्याची मर्यादा आधी क्षमतेच्या १२० ते १५० टक्क्यांवर होती, ती ११० ते १२० टक्क्यांवर आणल्याचं सांगितलं. आणि ठरावीक सिरीयल नंबरांच्या मालाला बदलून देण्याची सोय केली. चाचण्या फार वेळ, फार लोडवर केल्या गेल्या, असंही कंपनीचं म्हणणं होतं.

यातून मी दोन गोष्टी घेतल्या. एक, ‘८० प्लस’ ब्राँझ, गोल्ड वगैरे शिक्का वीज किती कमी वाया जाते ते सांगतो. सुरक्षिततेबद्दल तो काही सांगत नाही. दोन, ज्यांच्याकडे नाव, मॉडेल, सिरीयल नंबर आणि बिल होतं त्यांना निदान आपला नग त्या यादीत आहे का हे बघता आलं, बदलून मागता आलं. आमच्या जुन्या डब्यात असा दोष निघाला असता तर कुणी कुणाला कळवलं असतं?

आपल्याकडे कायदा नाही असं नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष मालामुळे झालेल्या इजेची जबाबदारी बनवणाऱ्यावर आणि विकणाऱ्यावर टाकता येते. धोकादायक माल बाजारातून परत मागवण्याचा आदेश द्यायचा अधिकार केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला आहे. पाच लाखांपर्यंतच्या मालाची तक्रार जिल्हा आयोगाकडे विनाशुल्क करता येते. १९१५ ही हेल्पलाइन आहे. पण कच्च्या बिलावर घेतलेला, नावगाव नसलेला डबा घेऊन तुम्ही कुणाच्या दारात उभे राहणार? अठरा टक्के वाचवताना आपण हे सगळे हक्क काउंटरवरच सोडून येतो.

आणि आता ज्या गोष्टीसाठी मी ही पोस्ट लिहायला घेतली ती. नवीन एसएमपीएस बांधून देताना दुकानदार म्हणाला, "जुने दोन्ही द्या सर, दोनशे-दोनशे कमी करतो." मी विचारलं, त्याचं काय करता? तो अगदी सहज म्हणाला, "पुसून, पंखा बदलून ठेवतो. हिरवी-काळी वायर जोडून बघायची, पंखा फिरला की झालं. कॉलेजची पोरं येतात ना, बजेट नसतं त्यांचं. त्यांच्या मशीनला लावून देतो."

माणूस वाईट नाही. त्याच्या मते तो मदतच करतोय. हिरवी-काळी वायर जोडून पंखा फिरला म्हणजे डबा चालू होतो एवढंच कळतं, तो सुरक्षित आहे का हे कळत नाही, हे त्याला कुणी सांगितलेलंच नसेल. रिपेअरिंग करणाऱ्यांबद्दल मला आदर आहे. चांगल्या कंपनीच्या एसएमपीएसचा पंखा किंवा कपॅसिटर जाणकार माणसानं बदलला तर तो पुढं वर्षानुवर्षं चालतो. पण आमच्या वाचनालयात जो धोका नको म्हणून आम्ही १४ हजार खर्च केले, तोच धोका चारशे रुपयांसाठी एखाद्या पोराच्या खोलीवर पाठवायचा? तोही बहुधा कॉट बेसिसच्या खोलीत, जिथं एकाच एक्स्टेन्शनवर कम्प्युटर, इंडक्शन शेगडी आणि तिघांचे मोबाइल असतात. तिथली तिसरी पिन कधीच मोडलेली असते.

चारशे रुपये सोडले. दोन्ही डबे परत आणले. काही दिवस तसेच पडून दिले आणि मग मावसभावानं त्यांच्या बाहेर आलेल्या सगळ्या वायरी मुळापासून कापल्या, म्हणजे कुणी पुन्हा लावू शकणार नाही. वर ‘निकामी’ लिहिलं आणि ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडे दिले. खजिनदार काकांनी त्या चारशेची नोंद वहीत काय म्हणून करायची ते विचारलं. मी म्हणालो, "न आलेलं उत्पन्न." ते हसले आणि खरंच तसं लिहिलं.

तुमच्या घरातल्या किंवा संस्थेतल्या कम्प्युटरबद्दल ठरवायचं असेल तर आम्ही ज्या क्रमानं गेलो तो क्रम देतो :

१. आधी अर्थिंग. चांगल्या वायरमनकडून प्रत्येक थ्री-पिन सॉकेट तपासून घ्या. टू-पिनचा जुगाड आणि तिसरी पिन मोडलेला प्लग आजच काढा. अर्थिंग नसेल तर नवीन महागडा एसएमपीएससुद्धा झिणझिण्या देईल.

२. कम्प्युटर बंद करून, केबल काढून लेबल वाचा. बनवणाऱ्याचं नाव आहे का? बीआयएसचं चिन्ह आणि ‘आर-’ नं सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का? असेल तर तो ‘बीआयएस केअर’ अॅपवर टाकून खरा आहे का बघा. १२ व्होल्टच्या लाइनचे अँपिअर गुणिले १२ करा आणि छापलेल्या वॅटशी ताडून बघा.

३. जळका वास, तडतड आवाज, चालू करताच एमसीबी पडणं, पंखा न फिरणं, केबलच्या टोकाला तपकिरी डाग, आपोआप बंद-चालू होणं. यातलं एक जरी असेल तर चर्चा करू नका. भिंतीवरचं बटण बंद करा, प्लग काढा आणि बदलेपर्यंत वापरू नका. धूर आला तर आधी मेन बंद, आणि पाणी ओतायचं नाही.

४. वरचं काहीच नसेल, माल नावाजलेल्या कंपनीचा असेल आणि वॉरंटीत असेल, तर घाबरून बदलू नका. धूळ साफ करून घ्या आणि मॉडेल नंबरवर कंपनीनं माल परत मागवला आहे का ते बघा.

५. नावगाव नसेल, कॅबिनेटसोबत फुकट आलेला असेल आणि वर्षं उलटून गेली असतील, तर तो चालतोय म्हणून ठेवू नका. आणि काढलेला दुसऱ्या कुणाला देऊ नका.

आता थोडं गावाबद्दल. आपल्या तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळांत कम्प्युटर आहेत, खाजगी अभ्यासिका आहेत, जिथं एकेका हॉलमध्ये पन्नास-साठ पोरं बसतात, ऑनलाइन फॉर्मची केंद्रं आहेत. खरेदी कशी होते ते आपल्याला माहीत आहे. कोटेशनमध्ये प्रोसेसर लिहितात, रॅम लिहितात, स्क्रीनचे इंच लिहितात. एसएमपीएसच्या ओळीत ‘४५० वॅट’ एवढंच. मग सगळ्यात कमी दर देणारा ठेकेदार पैसे कुठं वाचवणार? जिथं कुणी बघत नाही तिथंच.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. कोटेशनमध्ये एसएमपीएसचा मेक, बीआयएस नोंदणी क्रमांक आणि वॉरंटी लिहायला लावा, एक ओळ वाढेल. आवारात कुठलंही खोदकाम किंवा पेव्हर ब्लॉकचं काम झालं की बिल काढण्याआधी अर्थिंग तपासा. आणि दर वर्षी पावसाळ्याआधी अर्थिंग तपासून ती तारीख बोर्डाशेजारी भिंतीवर लिहा, गॅस सिलिंडरवर तपासणीची तारीख असते तशी. याला नवा कायदा नको, नवी योजना नको, मंत्र्यांचा वेळ नको.

आमच्या अभ्यासिकेत ही तारीख आता लिहिली आहे. ज्या मुलीनं जूनमध्ये सांगितलं होतं, तिला मी समक्ष सॉरी म्हणालो. ती म्हणाली, "सर, मला वाटलं माझ्याच हाताला काहीतरी होतंय, म्हणून मी परत बोलले नाही." हे ऐकून मला जास्त वाईट वाटलं. पोरं एकदाच सांगतात. आपण ‘चपला घालून बस’ म्हणालो की ती पुन्हा सांगत नाहीत.

तुमच्या मुलांच्या शाळेत, क्लासमध्ये, अभ्यासिकेत अर्थिंग तपासल्याची तारीख लिहिलेली दिसली तर फोटो टाका. नसेल तर मुख्याध्यापकांना, संचालकांना नम्रपणे विचारा. वायरमनचा खर्च परवडत नाही असं कुणी म्हणालं तर मला कळवा. मावसभाऊ म्हणालाय, सुटीच्या दिवशी येतो, चहा पाजा.